टेम्पो सुटला, वामनराव राहिले

नागपुरात पोरगा इंजिनिअर झाला की पुढे काय होणार हे सांगायला जोतिषी लागत नाही. तो पुण्याला जातो. सुरुवातीला दर रविवारी आईला फोन करून तिथल्या पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री नसते म्हणून हळहळतो, आणि काही वर्षांनी तिथेच फ्लॅट घेऊन मोकळा होतो. प्रीतमच्या वर्गातले जवळजवळ सगळे याच वाटेने गेले. प्रीतम तेवढा उरला.

"काहून नाही जात गा तू?" असं कोणी विचारलं की, "ऊन मानवते मले," असं काहीतरी तो सांगायचा. समोरचा मग त्याच्याकडे, मे महिन्यातल्या दुपारी डोक्याला दुपट्टा न बांधता निघालेल्या माणसाकडे पाहावं तसा पाहायचा.

खरं कारण एवढंच की प्रीतमला इथे बरं वाटायचं. गाव कुही. बसमध्ये टेकलं की एक डुलकी पुरी व्हायच्या आत घर. तिथे बापाचं धान आणि आईच्या हातचं वांगं. बायको रितिका नागपूरचीच, सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. एवढं सगळं इथे असताना नुसतं कॉम्प्युटरसमोर बसायला इतक्या लांब कशाला जायचं, हे त्याला कधी कळलं नाही. कॉम्प्युटर इथेही असतात. म्हणून त्याने कंपनीतली नोकरी सोडली आणि दुकानदारांना प्रोग्राम लिहून द्यायचा स्वतःचा धंदा काढला.

प्रीतमचा स्वभाव असा की हाती घेतलेलं काम तो सोडत नाही, पण आधी हमखास चुकीच्या टोकाने धरतो. कुहीच्या शाळेतली एक सवयही त्याने इमानाने जपली होती. तिथे पेपर लिहायच्या आधी उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर 'श्री' काढायचा असे. प्रीतम आता पायथन नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचा, तरी प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत श्री असायचाच. त्या ओळीपुढे एक खूण टाकली की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही. देवाला मात्र वाचता येते, असा प्रीतमचा समज होता.

तर अशा या माणसाला दिवाळीनंतर पुण्याच्या एका कंपनीची मेल आली. जागा चांगली, सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवा. प्रीतम तिथेच नाही म्हणणार होता. रितिकाने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

"मले पुण्याची काही हौस नाही आलेली," ती म्हणाली. "पण तुह्या धंद्यात अजून एक तरी प्रोग्राम एका तरी दुकानात चालला का? सांग."

"वामनरावांकडे लावून राहिलो ना."

"लावून तर तू दिवाळीच्या आधीपासून राहिला."

"सोमवारच्या आत चालन."

"चालला तर इथंच राहू. नाही चालला तर बॅग भरू. मंजूर?"

"मंजूर," प्रीतम म्हणाला. म्हणून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आत्ता अख्खं नागपूर पणाला लावलं.

वामनरावांचं बिछायत केंद्र गांधीबागेमागच्या एका गल्लीत आहे. बिछायत केंद्र म्हणजे कार्यक्रमाला लागणारं सगळं जिथे भाड्याने मिळतं ते दुकान: सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, गंज म्हणजे मोठाली पातेली, कढया, झारे, पाण्याचे ड्रम. समोर पाटीखाली वामनराव बसायचे, पांढऱ्या शर्टात, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत. दुकान चालवायच्या त्यांच्या पत्नी, शामलाबाई. कोणती कढई कोणत्या मंगल कार्यालयात गेली, कोणत्या सतरंजीवर कोणाच्या पंगतीत वरण सांडलं, कोणाकडून दोन झारे यायचे राहिले, सगळं त्यांच्या डोक्यात. प्रोग्रामची फर्माईशही त्यांचीच.

"बाबू," त्या प्रीतमला म्हणाल्या होत्या, "मले आता डोक्यात कढया नको. तीर्थाले गेली तरी देवासमोर हात जोडले की गंजच दिसते मले. हे सगळं तुह्या त्या डब्यात भरून टाक."

वामनरावांची अट एकच होती, पण कडक. दुकानातून माल जातो तो तीन तऱ्हेच्या कार्यक्रमांना. लग्नं, बारशी, आणि तिसरी तेरवी. माणूस गेल्यावर तेराव्या दिवसाचं जेवण कोणाला चुकत नाही, आणि त्यालाही कढई लागतेच. पण धंद्याचा रिवाज असा की हा शब्द दुकानात उच्चारायचा नाही. त्या कार्यक्रमाला 'दुसरा' म्हणायचं. त्याच्या सतरंज्यांचं कपाट वेगळं, त्याचं गिऱ्हाईक बसतं तो बाकही वेगळा.

"लग्नाचं गिऱ्हाईक इथंच टीव्हीसमोर बसते," वामनराव कॉम्प्युटरला टीव्हीच म्हणत. "नवऱ्या मुलीचा बाप मांडवाचा रंग पाहून राहिला, अन् बाजूले लिहून आहे ते! उठून जाईन ना गा तो!"

"दिसणारच नाही काकाजी," प्रीतमने शब्द दिला. पडद्यावर लग्न आणि बारसं एवढंच. 'दुसरा' उघडायचा तर कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं, एफ-नाइन. ते फक्त नवरा-बायकोला ठाऊक.

इथवर ठीक होतं. पण असे प्रोग्राम एका फाइलीत मावत नाहीत. एक मुख्य फाइल असते, आणि तिने हाक मारली की कामाला येणाऱ्या इतर फायली असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. कोणतं मॉड्यूल लागणार त्याचं नाव मुख्य फाइलच्या वरच्या भागात लिहून ठेवायचं, यालाच इम्पोर्ट करणं म्हणतात. प्रीतमने लिहिलं. माथ्यावर श्री. त्याखाली लग्न. त्याखाली बारसं. आणि पुढच्या ओळीवर त्याचं बोट थबकलं.

श्रीच्या खाली? लग्नाला लागून?

ही ओळ कोणी वाचणार नव्हतं. वामनराव तर नाहीच नाही. पण देव वाचतो, हे वर आलंच आहे. शिवाय धंद्याची ही पहिलीच बोहनी. कुहीच्या माणसाची हिंमत झाली नाही. मग त्याने आडवाट काढली. ते नाव वर लिहिलंच नाही. कोणी एफ-नाइन दाबलं तरच, त्या घडीला, प्रोग्राम एकीकडून 'तेर' आणि दुसरीकडून 'वी' घेऊन नाव जोडणार आणि त्या नावाचं मॉड्यूल बोलावणार. स्वतःच्या लॅपटॉपवर हे झकास चाललं. प्रीतम स्वतःवर इतका खूश झाला की रितिकासाठी संत्रा बर्फी घेऊन घरी गेला आणि वाटेतच अर्धी खाल्ली.

पण लॅपटॉपवर सगळंच चालतं. तिथे पायथन आहे, सगळी मॉड्यूलं सुखाने नांदतात. वामनरावांच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांच्या खेळाशिवाय काही नव्हतं. तिथे न्यायचं तर लागेल ते सगळं एका गठ्ठ्यात बांधावं लागतं, म्हणजे नुसतं दोनदा क्लिक केलं की सुरू. हा गठ्ठा बांधून देणारा तयार प्रोग्राम असतो. प्रीतम त्याला पॅकर म्हणे. तुम्ही त्याला मुख्य फाइल दाखवायची, तो ती वाचतो आणि जे जे लागेल ते उचलून गठ्ठ्यात भरतो.

दिवाळीआधीचा पहिला गठ्ठा उघडला तेव्हा सुरुवातीच्या पानावरच्या गणपतीच्या जागी नुसती रिकामी चौकट आली. पॅकर कोड उचलतो, चित्रं आपोआप उचलत नाही. गणपती प्रीतमच्या घरीच राहिला होता.

"गणपतीच विसरला?" वामनरावांनी कपाळावर हात मारला. "मंग काय चालन ते, घंटा!"

दुसऱ्या गठ्ठ्यात गणपती आला, पण टेम्पोबरोबर द्यायची मालाची चिठ्ठी छापायला गेलं की प्रोग्राम बसायचा. छापणारं मॉड्यूलच नव्हतं. प्रीतमने डोकं खाजवून खाजवून शोधलं तर त्याच्या लॅपटॉपवर दोन पायथन निघाले, एक कॉलेजच्या काळातला आणि एक नवा. मॉड्यूल बसवलेलं एकात, पॅकर चालत होता दुसऱ्यात. जुन्याला हाकललं, प्रोग्रामसाठी स्वच्छ वेगळी जागा केली, लागतील तेवढीच मॉड्यूलं तिथे बसवली. चिठ्ठी छापली गेली. शामलाबाईंनी ती उन्हात धरून पाहिली. "अक्षर माह्यापेक्षा बरं आहे," म्हणाल्या.

आणि आता तिसरा गठ्ठा. शनिवार होता. तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे लग्नसराईची सुरुवात. सकाळी निघताना रितिकाने चप्पल घालता घालता विचारलं, "चालन ना?"

"फक्त एफ-नाइन तपासायचं राहिलं. ते तर माह्यंच मॉड्यूल आहे. त्याले काय होते?"

"तुले ना, लांबचं चांगलं दिसते," ती म्हणाली. "जवळचंच दिसत नाही. ये एकदा दुकानात, नंबर काढून देते तुहा."

दुकानात प्रीतमने पेन ड्राइव्ह लावला. गणपती आला. वामनरावांनी त्याला हात जोडले. लग्नाचं पान उघडलं, बारशाचं उघडलं, चिठ्ठी निघाली. शामलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली, आजूबाजूला गिऱ्हाईक नाही असं पाहिलं, आणि एका बोटाने एफ-नाइन दाबलं.

प्रोग्राम गायब. नुसता निळा पडदा.

पुन्हा सुरू केला, पुन्हा दाबलं. पुन्हा गायब.

वामनराव मात्र खुर्चीत सैलावून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा कॉम्प्युटरबद्दल आदर दिसत होता. "पाहा," ते म्हणाले, "मशीन आहे पण समजते त्याले. सराईच्या तोंडावर त्याचं नाव काढलं की तो उठून जाते. मी असतो तर मीबी गेलो असतो."

"तुम्ही बसा चूप," शामलाबाई म्हणाल्या. "अर्ध्या कढया दुसऱ्यातच फसून राहते माह्या. ते नाही चाललं तर डोकं कसं रिकामं होईन?"

प्रीतमने लॅपटॉप उघडला आणि गठ्ठा पुन्हा बांधला, या वेळी असा की मागची काळी खिडकी उघडी राहील. प्रोग्राम पडताना काय पुटपुटतो ते त्या खिडकीत दिसतं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर लावला, एफ-नाइन दाबलं. काळ्यावर पांढऱ्या, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत उमटलं: तेरवी नावाचं मॉड्यूल नाही.

वामनरावांना इंग्रजी बेताचंच येतं, पण तेवढं त्यांनी वाचलं. पुढच्या क्षणी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल मॉनिटरवर होता.

"काकाजी, दिसून नाही राहिलं मले!"

"दिसूच नये! समोरून गुप्ते साहेब येऊन राहिले, पोरीच्या लग्नाचं विचाराले!"

गुप्ते साहेब आले, मांडवाला गुलाबी रंग की पिवळा यावर बराच वेळ बोलले, चहा पिऊन गेले. तोवर प्रीतम टॉवेल पांघरलेल्या कॉम्प्युटरशेजारी, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा बसून होता. मॉड्यूल नाही म्हणजे काय? लॅपटॉपवर तर आहे. लग्नाच्या शेजारी, बारशाच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये. नावात चूक नाही. गुप्ते साहेबांची पाठ वळल्यावर त्याने एकेक उपाय करून पाहिला. पॅकर काढून नवा बसवला. जुने गठ्ठे पुसून पहिल्यापासून बांधलं. शेवटी ती फाइलच उचलून दुकानाच्या कॉम्प्युटरवर, गठ्ठ्याच्या अगदी बाजूला नेऊन ठेवली: घे बाप्पा, ही इथंच आहे. प्रोग्राम पडायचा तसाच पडला. आत बांधलेलं आणि बाजूला ठेवलेलं यात त्याच्या लेखी फरक होता.

मध्येच रितिकाचा फोन आला. प्रीतमने उचलला नाही. मग मेसेज आला: 'वरच्या माळ्यावरची मोठी बॅग काढू का?' पुढे हसणारं तोंड होतं. प्रीतमला काही हसू आलं नाही. त्याला पुण्यातली एक खोली दिसायला लागली. खिडकीतून थंड वारा, आणि ताटलीत कोरडे पोहे.

शामलाबाईंनी त्याचं तोंड पाहिलं. टोपलीतून एक संत्रं घेतलं, सोललं, अर्धं त्याच्या हातात दिलं. "खा आधी. काय झालं ते मले सांग. समजन नाही समजन, पण सांग."

"काकू, फाइल इथंच आहे," प्रीतम रडकुंडीला आला होता. "समोर दिसून राहिली. पॅकरच्या नाकासमोर उभी आहे. बाजूच्या दोघींले उचलते तो, अन् हिलेच सोडून गठ्ठा बांधते. घरचीच असून कशी राहते ती, सांगा ना!"

शामलाबाईंचा हात संत्र्यावर थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावला, आणि पदराआडून त्यांचे खांदे हलायला लागले.

"नको सांगू वं ते," वामनराव म्हणाले.

"अवं माय," शामलाबाईंना हसू आवरेना, "हे तर यांच्यासारखंच झालं की वं!"

आणि मग त्यांनी सांगितलं. लग्नाला नुकतंच वर्ष झालेलं, आणि त्यांच्या भावाचं लग्न निघालं पाचगावला. इथून सगळ्यांना न्यायला टेम्पो आला. शामलाबाईंचे मामा टेम्पोच्या मागे उभे. ते म्हणाले, शामले, तुह्या लग्नात मी नव्हतो, मले तुह्या सासरचे कोणी माहीत नाही, तू नाव घे, मी बसवतो. शामलाबाईंनी नावं घेतली. सासूबाई, जाऊ, दीर, दिराची पोरं, शेजारच्या प्रेमिलाबाई, त्यांची आतेबहीण. मामा एकेकाला हात देऊन वर घेत होते.

"अन् हे," शामलाबाई म्हणाल्या, "नवा कोट घालून ओट्यावर उभे. सगळ्याईच्या समोर. आता मी काही यांचं नाव घेत नाही. तेव्हाबी नव्हती घेत, अजूनबी नाही. मामा म्हणते, झाले सगळे? मी म्हटलं, अन् ते. ते कोण? मी म्हटलं, ते... आहेत ना ते. मामा म्हणते, नाव सांग. मी खोकलली. डोळ्यानं दाखवलं. मामाले वाटलं पोरीच्या डोळ्यात काही गेलं."

"पण काकाजी, तुम्ही चढून जायचं ना," प्रीतम म्हणाला.

वामनरावांनी पाठ ताठ केली. "जावई होतो मी. जावई काय बोलावल्याशिवाय चढते का टेम्पोत? मामानं म्हणायचं, या जावईबापू. मंग मी चढीन. हात दाखवला ना मी!"

"हात दाखवला, तर मामाले वाटलं टाटा करून राहिले. मामानंबी केला टाटा. टेम्पो सुटला!" शामलाबाईंनी डोळे पुसले. "मी आतून कोकलून राहिली, ते राहिले, ते राहिले! बाया म्हणे, काय राहिलं वं? म्हटलं, ते! कोणी म्हणे डबा राहिला, कोणी म्हणे आहेराचं पातळ राहिलं. सगळं उघडून पाहिलं. पाचगाव आलं तरी बाया पिशव्याच उचकून राहिल्या होत्या."

"दुधाच्या गाडीवर गेलो मी," वामनराव गंभीरपणे म्हणाले. "कॅनच्या मधात बसून. कोटाले अजून वास आहे. घरचाच माणूस, सगळ्याईले दिसून राहिलो होतो. पण बसवणाऱ्याले काय घेणं-देणं? त्याले तर नाव ऐकू आलं पाहिजे."

प्रीतमच्या तोंडात संत्र्याची फोड होती. ती तशीच राहिली.

"काय म्हटलं तुम्ही?"

"दुधाच्या गाडीवर गेलो."

"नाही, त्याच्या पुढं."

"बसवणाऱ्याले नाव ऐकू आलं पाहिजे."

प्रीतम उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला, मग लॅपटॉप मांडीवर ओढला. त्याने मुख्य फाइल उघडली. श्री. लग्न. बारसं. संपलं. पॅकर फोल्डर बघतच नव्हता. फोल्डरमध्ये कोण उभं आहे, कोट घालून की बिनकोटाचं, त्याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. तो मुख्य फाइल वाचत होता आणि ज्याचं नाव घेतलंय त्याला हात देऊन वर घेत होता. आणि हे नाव प्रीतमने घेतलंच नव्हतं. त्याने खोकलून दाखवलं होतं. 'तेर' इकडे, 'वी' तिकडे, बटण दाबलं तर जोडायचं. पॅकर गठ्ठा बांधताना बटण कशाला दाबेल? त्याच्या दृष्टीने टेम्पो भरला होता.

लॅपटॉपवर चालत होतं, कारण तिथे टेम्पोच नव्हता. तिथे सगळे घरीच होते. 'ते' म्हटलं तरी सगळ्यांना कळत होतं.

"काकू," प्रीतम म्हणाला, "मीबी नाव नाही घेतलं."

"कोणाचं?"

"त्याचंच. दुसऱ्याचं. श्रीच्या खाली कसं लिहू म्हणून."

मग वामनरावांनी त्याच्याकडे, आपलं पोर पहिल्यांदा शहाणपणाने वागलं म्हणून बापाने पाहावं तसं पाहिलं. "बरोबर केलं गा तू," ते म्हणाले. "एकदम बरोबर केलं. नाहीच लिहायचं ते तिथं."

"बरोबर केलं, अन् बसा आता बोंबलत!" शामलाबाई म्हणाल्या. "मंग आता? लिहा लागन?"

तोच प्रश्न प्रीतमच्या डोक्यात होता. एक ओळ लिहिली की काम फत्ते. त्याची बोटं कीबोर्डवर गेली, आणि श्रीकडे पाहून परत आली. मग त्याला आठवलं की पॅकरला गठ्ठा बांधायचा हुकूम देतो, त्या हुकमातच वेगळं सांगता येतं: यात लिहिलेलं नाही, तुला दिसणार नाही, पण अमक्या नावाचं एक मॉड्यूल आहे, त्यालाही घे. प्रोग्रामला हात लावायचं काम नाही. त्याने हे शिकताना वाचलं होतं आणि आपल्याला कशाला लागतंय म्हणून पुढे गेला होता.

"नाही लागत," तो म्हणाला. "फाइलीत नाही लिहायचं. गठ्ठा बांधणाऱ्याच्या कानात एकदा नाव सांगायचं, बस."

"मामाच्या कानात?"

"हौ, मामाच्या कानात."

शामलाबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "इतकं सोपं होतं वं माय. मले तवा काहून नाही सुचलं?"

"कानातबी घेतलं नसतंच तुनं," वामनराव म्हणाले.

प्रीतमने हुकमाच्या शेवटी ते एक नाव जोडलं. पॅकर कामाला लागला. पडद्यावरून ओळी सरकत होत्या, आणि त्या धावत्या ओळींमध्ये एकदा, अगदी क्षणभर, ते नाव येऊन गेलं. प्रीतमला ते इतकं देखणं कधी वाटलं नव्हतं. चहा आला. चहा संपायच्या आत गठ्ठा तयार झाला. पेन ड्राइव्ह इकडून काढला, तिकडे लावला. वामनरावांनी टॉवेल उचलला, पण हातातच तयार ठेवला.

गणपती आला. लग्न उघडलं. बारसं उघडलं.

"दाबू?" शामलाबाईंनी विचारलं. वामनरावांनी डोळे मिटले.

पान उघडलं. साधं, पांढरं, वर काहीही नाव नसलेलं पान. शामलाबाईंनी चष्मा पुसला, कीबोर्ड जवळ घेतला, आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. नंदनवन वस्तीत गेलेल्या दोन कढया. महाल भागात गेलेला मोठा गंज. एक सतरंजी, कोपरा फाटलेली. लिहून झाल्यावर त्यांनी पुन्हा तपासलं, आणि डोक्यावरून हात फिरवला.

"गेल्या," त्या म्हणाल्या. "दोन कढया गेल्या बाबू माह्या डोक्यातून. हलकं लागून राहिलं."

वामनरावांनी एक डोळा उघडला. "झालं?"

"झालं काकाजी! चाललं!" प्रीतमने टाळी वाजवली, आणि टाळी वाजवून भागेना म्हणून रचलेल्या खुर्च्यांवर जोरात थाप मारली. खुर्च्या कोसळल्या. कोणी रागावलं नाही.

पण काम थोडं बाकी होतं. प्रोग्राम पहिल्यांदा कायमचा बसवला की तो दुकान मालकाच्या नावावर नोंदवून घेतो. त्यासाठी एक छोटी चौकट उघडते: मालकाचे नाव. ती चौकट आता शामलाबाईंसमोर उघडली होती. त्या तिच्याकडे बघत बसल्या.

"हे तुम्ही लिहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मले टीव्ही लिहिता येत नाही."

"बाबू, तू लिही."

प्रीतम पुढे झाला, तर वामनरावांनी हात आडवा केला. त्यांच्या मिशीत हसू होतं. बरीच वर्षं मुरलेलं. "नाही. हिनं सांगायचं. इतका खुलासा झाला आत्ता. नाव घेतल्याशिवाय काय होते, ते टीव्हीनंबी पाहिलं. आता हिनं घ्यायचं, तोंडानं, मंग तू लिहायचं. नाही तर राहू दे. मी दुधाच्या गाडीनं येतो."

"काहीतरीच!" शामलाबाई लाजल्या. साठीची बाई कोसळलेल्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात लाजते, हे दृश्य गांधीबागेमागच्या त्या गल्लीने आधी पाहिलेलं नव्हतं. समोरच्या दुकानातले दोघं पायरीवर येऊन उभे राहिले. "घ्या काकू, घ्या," प्रीतम म्हणाला. "उखाण्यात घ्या. गठ्ठा खोळंबून आहे."

शामलाबाईंनी पदर सारखा केला. घसा साफ केला. एकदा खोकलल्या, त्यावर वामनराव म्हणाले, "खोकलून नाही चालणार!" मग त्या खाली बघत, भरभर, पण खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"गंजावर ठेवली कढई, सतरंजीची केली घडी,
वामनरावांचं नाव घेतलं, आता तरी सोडा गाडी!"

पायरीवरचे दोघं ओरडले. वामनरावांनी टॉवेल हवेत फिरवला आणि मग त्यानेच डोळे टिपले. प्रीतमने चौकटीत नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा मोठी बॅग खरंच पलंगावर काढलेली होती. रितिका शेजारी बसून होती. प्रीतमने बॅग उचलली, स्टूल ओढलं आणि बॅग वर माळ्यावर सरकवली.

"चाललं?" ती म्हणाली. ती आधीच हसत होती.

"चाललं. समोरचे दोघं दुकानदारबी विचारून राहिले."

"काय झालं होतं?"

"जवळचं दिसत नव्हतं."

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि उद्याच्या पोह्यांना तर्रीसाठी रात्रीच चणे भिजत घालायचे की नाही, असं विचारलं. प्रीतम म्हणाला, हे काय विचारणं झालं?

मग तो लॅपटॉप घेऊन पुण्याच्या कंपनीला उत्तर लिहायला बसला. आपण आभारी आहात, परंतु, असं लिहिलं. आभारी कोण ते दुरुस्त केलं. पाठवूनही टाकलं. पाठवल्यावर पाहतो तर हाताच्या सवयीने मेलच्या माथ्यावर, मधोमध, 'श्री' पडला होता.

कंपनीने तो वाचला की नाही ते कळलं नाही. देवाने वाचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री फार छान झाली होती.